पाणी चढतंय की उतरतंय

आषाढ सरत आला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना बरं आहे का असं विचारत नाहीत. पाणी किती, असं विचारतात. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी माणूसही विचारतो. बंधाऱ्यावरची पातळी सगळ्यांना तोंडपाठ असते आणि गगनबावड्यात काल किती कोसळला हेही. उत्तर मिळालं की विचारणारा मान हलवतो, पुढं जातो आणि कोपऱ्यावर दुसऱ्या कुणालातरी तोच प्रश्न परत विचारतो. पाण्याच्या बाबतीत एका तोंडाच्या बातमीवर इथं कुणी घराला कुलूप लावत नाही, आणि कुणी निवांत घरात बसूनही राहत नाही.

यंदाही तेच चाललंय. खुर्च्यांच्या पाठीवर टाकलेले कपडे तीन दिवस झाले तरी ओलसरच आहेत, सगळ्या घराला त्यांचा कुबट वास येतोय आणि माझा हात उगाच फोनकडं जातोय. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, माझं माहेर आहे. आई, आण्णा आणि धाकटा भाऊ मिलिंद तिथं असतात. पाऊस असा लागला की मी मिलिंदला फोन करते. मग गावातल्या आणखी एकाला करते. मग तिसऱ्याला. मिलिंदला हे ठाऊक आहे. तो आता चिडत नाही.

संशय हा माझा व्यवसाय आहे, असं मी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगते. इथल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्स शिकवते. वेगवेगळ्या गावांत ठेवलेली यंत्रं एकमेकांवर पुरता भरवसा नसताना एका निर्णयावर कशी येतात, हा माझा विषय. बँकेतली आपली शिल्लक एकाच यंत्रात नसते, अनेक ठिकाणी असते. त्यातलं एखादं बंद पडलं तर फारसं बिघडत नाही. गप्प बसलेल्याला ओळखणं सोपं असतं. भीती असते ती चालू राहून एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगणाऱ्याची. आमच्या अभ्यासक्रमात यासाठी वेढ्याची एक जुनी गोष्ट आहे. मी फळ्यावर पन्हाळ्यासारखा गड काढते, भोवती तीन सरदारांच्या छावण्या काढते. तिघांनी एकदम हल्ला केला तर गड पडेल, एकदम माघार घेतली तर जीव वाचतील. पण तिघांतला एक फितूर आहे आणि निरोप एकमेकांच्या तोंडूनच जाणार आहेत. तर उरलेल्या दोघा प्रामाणिक माणसांना फितूर कोण ते कधीच कळू शकत नाही. कितीही हुशार असले तरी. हे सिद्ध झालेलं आहे. चौथा माणूस लागतो, किंवा कुणाचा निरोप वाटेत बदलता येणार नाही अशी सोय लागते.

मुलं हे लिहून घेतात. मीही बरीच वर्षं ते फळ्यावर लिहून पुसत आले होते. त्या पावसाळ्यापर्यंत.

त्या वर्षी पंचगंगा पात्राबाहेर आली ती परत आत जायचं नावच घेईना. महामार्गावर पाणी आलं आणि शहर तुटलं. नदीतून पाणी उपसणाऱ्या मोटारी बुडाल्या, नळ कोरडे पडले आणि चहूबाजूंनी पाणी असताना आम्ही कळश्या घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहिलो. कॉलेज बंद होतं, पण आमच्या लॅबला इन्व्हर्टर होता, म्हणून पूरग्रस्तांचे फोन घ्यायला ती जागा दिली. तालुक्याची माहिती आहे म्हणून शिरोळकडचे फोन माझ्याकडं आले. शेजारच्या टेबलावर सबनीस सर बसायचे. ते गणित शिकवत, निवृत्तीला आले होते, मोजकं बोलत. बोटीवरच्या जवानांशी बोलायचं काम त्यांच्याकडं होतं. आमच्या गावाच्या पट्ट्यात एकच बोट फिरत होती. मी सांगायचं, सरांनी ठरवायचं आणि पुढं कळवायचं, अशी रीत होती.

आईचं त्या उन्हाळ्यात खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण ती अजून अंथरुणावर होती. घराच्या पुढच्या खोलीत, जमिनीलगत, तिची कॉट. घराला स्लॅब आहे, वर गच्ची आहे, पण जिना बाहेरून आणि अरुंद. तिला वर न्यायचं म्हणजे चार माणसांचं काम. आणि तिच्या वेदनांचं विचारूच नका.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर, रावसाहेब काकांचा मळा आहे. आण्णा शाळामास्तर होते, काकांची दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. त्यामुळं काका त्यांना गुरुजी म्हणतात आणि दर रविवारी आमच्या कट्ट्यावर येऊन बसतात. त्यांच्या वडलांनी आमच्या बौद्धवस्तीत घोटभर पाणी घेतलं नसतं. काका चहा घेत आणि दुसरा कपही मागून घेत. त्यांच्या खळ्यातून पुलाचा खांब दिसतो. खांबावर पाणी चढलं की पुढच्या काही तासांत ते आमच्या गल्लीत येतं. म्हणून पुराच्या दिवसांत आमच्या वस्तीचे कान काकांच्या फोनकडं असतात.

त्या दुपारी मिलिंदचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"आक्का, काळजी करू नको. रावसाहेब काका म्हणालेत, पाणी उतराय लागलंय. आम्ही न्हाय हलत."

मला हायसं वाटलं. मी टेबलावरचा गार झालेला चहा प्यायले. थोड्या वेळानं मदतीच्या नंबरवर रावसाहेब काकांचाच फोन आला. मी आवाज ओळखला, त्यांनीही माझा ओळखला. पाणी चढतंय, मळ्याकडं बोट पाठवा, असं ते म्हणाले. मी विचारलं, मिलिंदशी बोलणं झालं का? झालं की, त्यालाही हेच सांगितलं, म्हणाले. आणि लाईन तुटली.

मी फोन हातात धरून बसले. दोघांतला एक खोटं बोलत होता. आणि कोण ते मला कळायला मार्ग नव्हता. जे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले ते माझ्यासमोर होतं. फक्त गडाच्या जागी आईची कॉट होती.

मी मिलिंदवर संशय घेऊन पाहिला. आधीच्या पुरात शाळेच्या वर्गात आठवडाभर दाटीवाटीनं राहून आल्यावर तो म्हणाला होता की परत घर सोडणार नाही. गोठ्यात दोन म्हशी होत्या. आईला हलवलं तर ती ओरडणार, आणि ते त्याला सोसत नाही. पाणी उतरतंय असं मला सांगून टाकलं की मी बोट पाठवणार नाही आणि त्याला हलावं लागणार नाही. म्हणजे त्याच्याजवळ कारण होतं.

मग काकांवर संशय घेऊन पाहिला. बोट एक. ती मळ्याकडं हवी असेल तर मला चढतंय म्हणावं आणि गावाला उतरतंय म्हणून गप्प करावं. म्हणजे त्यांच्याजवळही कारण होतं. तिसरी शक्यता तर आणखी वाईट होती. काका "उतरत न्हाय" म्हणाले असतील आणि शेवटचा शब्द वाऱ्यात गेला असेल. कुणीच खोटं बोललं नसेल. लांबून पाहणाऱ्याला खोटेपणा आणि बिघाड सारखेच दिसतात.

मी दोघांना परत फोन केले. मिलिंद दुखावला. मी कशाला खोटं बोलू, एवढंच म्हणाला. काका पहिल्यासारखंच ठामपणे बोलले. लहानपणापासून ऐकत आलेले दोन आवाज, आणि दोन्ही खरे वाटत होते.

सबनीस सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मिलिंद म्हणजे तुमचा भाऊ ना?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. पण मला तेव्हा कळलं की त्यांच्या दृष्टीनं संशयित दोन नव्हते, तीन होते. त्यांना जे काही ऐकू येत होतं ते माझ्या तोंडून येत होतं. आणि माझी आई त्या गावात होती. मी त्यांच्या जागी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला असता का? नसता ठेवला.

तेव्हा मी एक साधी गोष्ट केली. मिलिंदला फोन लावला, त्याला थांबवून त्याच कॉलवर काकांना घेतलं आणि फोनचा स्पीकर सुरू करून तो माझ्या आणि सरांच्या मधे ठेवला. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगायला वाटच ठेवायची नाही, एवढाच विचार होता.

मी म्हटलं, "काका, मिलिंद ऐकतोय. इथले सरही ऐकतायत. खांबावर पाणी कुठंय ते सगळ्यांना एकदाच सांगा."

पलीकडून पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत राहिला.

"चढतंय," काका म्हणाले. "मिलिंद, सकाळपासनं चढतंय. तुला उतरतंय म्हणालतो, ते खोटं."

का, असं मी विचारलं.

"सून दिवस भरलेली हाय. भिंती मातीच्या, वर कौलं. बोट एकच. तू तिथं बसलीयास म्हटल्यावर ती पहिल्यांदा गुरुजींच्याकडंच जाणार असं वाटलं. मिलिंदनं मागितलीच न्हाय तर इकडं येईल, म्हणून बोललो."

म्हणजे त्यांनाही माझा संशय होता. त्यांच्या खोट्याच्या मुळाशी माझ्याबद्दलचा तो अंदाज होता. आणि तो अंदाज चुकीचा होता असं शपथेवर सांगायची माझी आजही तयारी नाही.

सबनीस सरांनी फोन स्वतःकडं ओढला. मॅडम, आता तुम्ही बोलू नका, म्हणाले. मग त्यांनी दोन्हीकडं अगदी साधे प्रश्न विचारले. घरात माणसं किती, भिंती कसल्या, आत्ता पाणी कुठवर, आजारी माणसाला वर नेता येईल का. मिलिंदला त्यांनी शेवटचा प्रश्न दोनदा विचारला. तो म्हणाला, गल्लीतल्या पोरांना हाक मारतो, नेतो. मग सरांनी जवानांना कळवलं की आधी मळा, मग गुरुजींचं घर. माझ्याकडं न बघता कळवलं. मी टेबलाची कड धरून बसले होते. निर्णय बरोबर होता हे मला कळत होतं आणि त्या क्षणी मला त्या माणसाचा राग आला होता.

पुढचं मला नंतर कळलं. मिलिंदनं मागच्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं. आईला त्यावर घेतलं, दोन लुगड्यांनी बांधलं आणि चौघांनी मिळून तो जिना चढवला. आई ओरडली, मग ओठ आवळून गप्प झाली. गच्चीवर ताडपत्री ताणून तिच्याखाली तिला ठेवलं. आण्णा डोक्याशी छत्री धरून बसले. मिलिंदनं खाली येऊन म्हशींची दावी सोडली. तोवर पाणी गोठ्यात आलं होतं. संध्याकाळी आईची रिकामी कॉट पाण्याखाली होती. पाणी उतरतंय हा निरोप आणखी थोडा वेळ खरा मानला असता तर ती कॉट रिकामी नसती. यापुढचा विचार मी कधी पुरा केलेला नाही.

दिवेलागणीला बोट आमच्या घराशी आली. तिच्यात काकांची सून होती, तिची सासू होती, मळ्यावरची दोन लेकरं होती. काका नव्हते. गुरुजींच्या घरचं अंथरुणावरचं माणूस न्यायचंय, जागा लागेल, असं जवानांनी सांगितल्यावर ते स्वतः चढलेच नाहीत म्हणे. कौलांवर बसून राहिले. सकाळी त्यांना आणलं तेव्हा त्यांचे दात वाजत होते. आई बोटीत आडवी होती आणि तिनं सगळा वेळ त्या सुनेचा हात धरला होता. कुणी कुणाला धीर दिला ते तिला सांगता येत नाही. दोन दिवसांनी सुनेला मुलगी झाली.

काका मागं का राहिले, याचाही मी खूप विचार केला. लाजेनं राहिले असतील. मायेनं राहिले असतील. किंवा गुरुजींच्या घराला पुढं तोंड दाखवायचं तर आज हे करावं लागेल, असा हिशेब असेल. माणसानं चांगलं वागून दाखवलं की मी त्यातही कारण शोधते. माझा हा स्वभाव मला आवडत नाही, पण तो आहे.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. एक म्हैस सापडली, दुसरी नाही. भिंतींवर पाण्याची रेघ राहिली होती. पहिल्याच रविवारी काका आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आण्णांनी त्यांना बसायला सांगितलं. मिलिंद उठून मागल्या दारानं निघून गेला. चहा झाला. दोघं ऊस किती गेला, गाळप कधी सुरू होईल, असं काहीबाही बोलत राहिले. त्या दिवसाबद्दल अक्षरही निघालं नाही. काका गेल्यावर मी आण्णांना विचारलं की तुम्हाला काहीच वाटत नाही का. ते म्हणाले, वाटतं, पण उद्या परत पाणी आल्यावर खांबाकडं बघणारा तोच माणूस आहे.

मिलिंदचं मत वेगळं होतं. गोठा धुताना तो मला एकदाच बोलला. "बोट आमच्या वस्तीला शेवटी येती, हे काकांना म्हाईत हुतं की. तरी बी बोलले." ते खरं होतं. पूर आला की गावात बोट आधी कुणाच्या गल्लीत शिरते आणि शेवटी कुठं पोचते, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. काकांची अडचण खरी होती. पण त्यांनी बाजूला सारण्यासाठी जे घर निवडलं ते आमचं होतं, आणि ते निवडताना त्यांना फार विचार करावा लागला नसणार.

माझ्या विषयात शेवटचं एक प्रकरण आहे, खेळांच्या गणिताचं. खेळ म्हणजे माणसं एकमेकांचे डाव ओळखून आपला डाव टाकतात तो. फितूर कोण हे शोधत बसण्याऐवजी खोटं बोलून कुणाला काय मिळतं हे बघा, आणि ते मिळणंच बंद करा, असं त्याचं सांगणं. परीक्षा तोंडावर आलेली असल्यामुळं मी ते प्रकरण नेहमी घाईनं उरकत असे. पुढच्या उन्हाळ्यात मी ते गावात मांडलं, गणिताचं नाव न घेता. बोट कुणाकडं आधी जाणार हे पाणी आल्यावर फोनवर कशाला ठरवायचं? आत्ता, कोरड्यात ठरवू. मातीच्या भिंती आधी, स्लॅबची घरं नंतर. बाळंतीण आणि आजारी माणूस त्याच्याही आधी. गल्ली कुठली ते बघायचंच नाही.

विहाराच्या सभागृहात बैठक झाली. गाव आलं आणि दंगा झाला. ज्याला त्याला आपल्याच भिंती मातीच्या वाटत होत्या. स्लॅब टाकलेला एक जण स्लॅब गळका आहे म्हणून तो कौलातच धरा म्हणत होता. प्रत्येकाला दुसऱ्यावर संशय होता आणि तो बहुतेक रास्त होता. शेवटी असं ठरलं की सगळ्यांनी मिळून घरोघरी जायचं आणि सगळ्यांच्या देखत भिंतीला हात लावून बघायचा. काका मागं बसले होते. त्यांचं घर क्रमात वर आलं तेव्हा मिलिंदनं हरकत घेतली नाही. होकारही दिला नाही.

त्यानंतर दोनदा पाणी आलं. बोट ठरल्या क्रमानं फिरली. पाण्याबद्दल कुणी कुणाला खोटं सांगितल्याचं ऐकलं नाही. लोक सुधारले असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून हाती काही लागत नव्हतं, एवढंच. सबनीस सर आता निवृत्त झाले. रस्त्यात भेटले की आईची चौकशी करतात आणि मला अजूनही त्यांच्याशी बोलताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

संशय मात्र गेला नाही. काकांचा फोन आला की मी नीट ऐकून घेते, मग दुसऱ्याला विचारते. त्यांना ते माहीत आहे. त्यांनी कधी वाईट वाटून घेतल्याचं दाखवलं नाही.

मागच्या रविवारी गावाकडं गेले होते. पाऊस थोडा उघडला होता. आई काठी टेकत दारापर्यंत आली. आण्णा आणि काका कट्ट्यावर बसले होते. काकांची नात आता शाळेत जाते, तिचं काहीतरी कौतुक चाललं होतं. ते ऐकता ऐकता माझ्या तोंडून प्रश्न निघाला, इतकी वर्षं मनात असलेला. मी विचारलं, काका, क्रम ठरलेला नसता आणि तशीच वेळ परत आली असती, तर परत तसंच बोलला असता?

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. काकांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली.

"बोललो असतो की," ते म्हणाले.

आण्णांनी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. मी आत गेले. इतक्या पावसाळ्यांत त्यांचं हे एकच वाक्य असं, जे मी दुसऱ्या कुणाला विचारून ताडून पाहिलं नाही.